सस्पेन्स अकाउंटमधलं पाणी

रविवारी सकाळी पावणेआठला बेल वाजली. दारात पाचशेदोनचे काका. एका हातात निळीची बाटली, दुसऱ्या हातात वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल.

"फार वेळ घेत नाही. तुझ्या टाक्यांत एकेक झाकण नीळ टाकायची आहे."

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पाऊस सुरू झाला की प्रत्येकाच्या छताला कुठे ना कुठे ओल येते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग हा आमच्या वार्षिक सभेचा कायमचा विषय आहे. इतरांकडे सभेच्या सुरुवातीला प्रार्थना असते तसा. पण काकांच्या बेडरूममधल्या डागाच्या बरोब्बर वर मी राहतो, आणि माझ्याकडे माशांच्या चार टाक्या आहेत. तपास तिथेच संपला.

चार कशाला, असं विचाराल तर एकीवर कुणीच थांबत नाही. मोठी टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, ८ मिलिमीटरची काच. तीत टेट्रा, कोरीडोरास आणि एंजलची जोडी. इवले निऑन टेट्रा मात्र नाहीत, कारण एंजल वाढले की निऑन म्हणजे त्यांचे चणे-फुटाणे. दुसरी २ फुटी, गप्पींची. गप्पीची मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं घालते, आणि नराशी एकदा गाठ पडली की पुढचे काही महिने नराशिवायही घालत राहते. त्यामुळे 'मी फक्त माद्याच आणल्या' हा बचाव कुठल्याच घरात टिकलेला नाही. तिसरी १ फूट चौकोनी. तीत एकटा फायटर, कारण त्याचं कुणाशीच पटत नाही. चौथी दीड फुटी, तळाला रेतीसुद्धा नसलेली, ती क्वारंटाइनची. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडला, तर कधी कधी आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. मग औषध, मीठ, आणि संडासात एकेक अंत्यविधी. त्यापेक्षा तीन-चार आठवडे वेगळं ठेवलेलं बरं.

काठोकाठ भरल्या तर चारही मिळून ३१८ लिटर. रेती, दगड आणि वरची दोन बोटं वजा केली की पाणी अडीचशेच्या जरा वर. हा आकडा मला तोंडपाठ आहे कारण गेल्या वर्षी काकांचं म्हणणं स्लॅब कोसळणार असं होतं. तेव्हा मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं होतं. १ लिटर म्हणजे १ किलो. मोठी टाकी काच, रेती, स्टँड धरून अडीचशे किलोच्या आसपास. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून आखतात, म्हणूनच ती खोलीच्या मधोमध नाही, भिंतीला लागून बीमवर आहे. खाली १२ मिलिमीटरचा थर्मोकोल, वर स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध. स्टँड एका बाजूला दोन मिलिमीटर जरी खाली गेला तरी सगळा ताण काचेच्या एकाच सांध्यावर येतो, आणि सहा महिन्यांनी तो सांधा रात्री अडीच वाजता सुटतो. (अडीचलाच का, देव जाणे.) आणि वजनाचंच म्हणाल, तर गणपतीत काकांचे तीन साडू एका सोफ्यावर बसतात तेव्हा त्यांचंही एवढंच भरत असेल. ते तर हलतातही.

तर नीळ.

"काका, नीळ टाकली तर मासे मरतील."

"सगळे?"

"सगळे."

"मग एकाच टाकीत टाकू."

मी गप्प बसलो. काकांना वाटलं, सौदा जमतोय.

"अरे, प्लंबरनेच सांगितलंय. सातशेतीनच्या नहाणीत टाकली, सहाशेएकच्या बेसिनमध्ये टाकली. माझ्या छताला निळं आलं की कळलं कुणाचं ते. सगळ्यांनी टाकू दिली. तुझंच काय एवढं नाजूक?"

"त्यांच्या नहाणीत कुणी राहत नाही, काका. माझ्या फिल्टरमध्ये जिवाणू आहेत."

"काय आहेत?"

"बॅक्टेरिया."

"आणि तुला माहीत आहे?"

"मीच वाढवलेत. सहा आठवडे लागले."

काकांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि वहीत लिहिलं. मी उलटं वाचलं: 'बॅक्टेरिया. मुद्दाम.'

इथे खरं तर मी दार लावायला हवं होतं. पण या नादातल्या माणसाला कुणी 'फिल्टर म्हणजे काय' असं अर्धवट जरी विचारलं, तरी त्याचा तोल जातो. मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला आणि समजावलं. मासा अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशाला विष, तिसरं तो बऱ्यापैकी सोसतो, आणि ते आपण दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलून बाहेर काढायचं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला आणि रेतीला धरून बसतात. म्हणून नवी टाकी आधी माशांविना चालवायची. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) न्यायचा, टेस्ट किटने तपासत राहायचं. तेवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर यायला लागला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की मगच मासे. याला चार ते सहा आठवडे जातात. दुकानदार सांगतो, 'आज पाणी भरा, उद्या मासे न्या', कारण परवा तुम्ही पुन्हा मासे न्यायला येणार हे त्याला ठाऊक असतं. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, क्लोरीनने सगळी वस्ती साफ होते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, चकचकीत करायचा नाही.

काका लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे दर आठवड्याला तू पाणी काढतोस."

"हो."

"किती?"

"१५ लिटरच्या चार बादल्या."

"आणि भरतोस किती?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काका चौतीस वर्षं बँकेत होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण संध्याकाळी शिल्लक जुळली नाही तर त्यांना अजूनही जेवण जात नाही. आपल्या छतावरच्या डागाभोवती ते दर सोमवारी पेन्सिलीने कड आखतात आणि बाजूला तारीख घालतात. जूनपासूनच्या कडा एकात एक आहेत. खाली पलंगावर पडून पाहिलं तर माथेरानचा नकाशा दिसतो.

"साठ काढतो, सत्तर-बहात्तर भरतो," मी खरं ते सांगून बसलो.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. अगदी हळू.

"बारा लिटरचा फरक?"

"ते उडून जातं."

"उडून जातं?"

"बाष्पीभवन. चारही टाक्या मिळून पृष्ठभाग चौरस मीटरपेक्षा थोडा कमी भरतो. पातळी १ मिलिमीटर उतरली की साधारण ८४० मिलिलिटर गेलं. पावसाळी हवेत दिवसाला दोन मिलिमीटर उतरते. सात दिवसांचं धरा."

"अरे, आमच्याकडे कॅशमध्ये बारा रुपये कमी आले तर 'उडाले' म्हणून चालायचं नाही. हिशोब न लागलेल्या रकमांच्या सस्पेन्स अकाउंटला टाकायचो आणि सापडेपर्यंत घरी जायचो नाही."

"एप्रिलमध्ये तर याच्या दुप्पट उडतं, काका. पाणी बत्तिसावर जायला लागलं की मी वर पंखा लावतो. पाणी उडतं तेव्हा उष्णता घेऊन जातं, एक-दोन डिग्री उतरतात."

"म्हणजे तू मुद्दाम उडवतोस." पेन्सिल. जीभ. 'बाष्पीभवन. हेही मुद्दाम.'

मी त्यांना त्यांच्याच माळ्यावरच्या पाचशे लिटरच्या टाकीची आठवण करून दिली. ती माझ्या चारही टाक्यांपेक्षा मोठी आहे आणि बाथरूमच्या माळ्यावर, म्हणजे त्या डागापासून हातभर अंतरावर आहे. "तिचं काय, ती बंदिस्त आहे," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. माझी टाकी हॉलच्या भिंतीला, डाग बेडरूमच्या कोपऱ्यात, मध्ये बारा फूट कोरडी लादी. तर त्यावर उत्तर, "पाणी आपली वाट काढतंच." या वाक्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. संतवचन असल्यासारखं ते हवेत लोंबकळत राहतं.

मला चीड आली ती याचीच. या इमारतीत सत्तावन्न बिऱ्हाडं आहेत. किती पाणी येतं, किती जातं, कुणालाही पत्ता नाही. सातशेतीनचा फ्लश गेल्या दिवाळीपासून रात्रंदिवस वाहतोय. २०२४ च्या जूनमध्ये महापालिकेची १० टक्के कपात होती, तेव्हाही खाली गाड्या पाइप लावून धुतल्या जात होत्या. अख्ख्या इमारतीत मिलिमीटरपर्यंत हिशोब ठेवलेलं पाणी एकट्या माझं, आणि टाकीतून काढलेलं तेच पाणी सोसायटीच्या तुळशीला आणि जास्वंदीला जातं; त्यातलं नायट्रेट झाडांना खतच. जास्वंदीचं कौतुक माळ्याचं होतं. संशय माझा.

तेवढ्यात काका उठून मोठ्या टाकीशी गेले होते. फिल्टरमध्ये डोकावून म्हणाले, "हे काय? तिसऱ्यांच्या शिंपल्या?"

"हो."

"मासे तिसऱ्या खातात?"

"आम्ही खातो. शिंपल्या उकळून, फोडून, जाळीच्या पिशवीत घालून ठेवतो. आपलं तलावाचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी. टाकी जुनी होत जाते तसा पीएच खाली घसरतो, म्हणजे पाणी आम्ल होत जातं, आणि जिवाणू सुस्तावतात. शिंपल्या हळूहळू विरघळतात आणि त्याला सावरून धरतात. गप्पींना तर कठीण पाणीच मानवतं."

काकांनी हे लिहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल थोडी आपुलकी दिसली. "आमच्याकडे शनिवारी येतात तिसऱ्या. पाठवून देत जाऊ?" असं विचारलंही. मी विरघळलो. आणि विरघळलेला माणूस तडजोड करतो.

क्वारंटाइनची दीड फुटी टाकी त्या आठवड्यात रिकामी होती. म्हटलं, हिच्यात टाकू, पण कपड्यांची नीळ नाही. माझ्याकडे माशांच्या बुरशीचं औषध असतं, मिथिलीन ब्लू, चांगलं गडद निळं. आतला स्पंज आधी काढून मोठ्या टाकीत ठेवला, कारण हे औषध जिवाणूंनाही मारतं. (एरवीही एक जादा स्पंज मोठ्या टाकीत ठेवावा, आजारी माशासाठी दुसरी टाकी पाच मिनिटांत उभी राहते.) औषध नेहमीच्या मात्रेच्या चौपट टाकलं. काकांनी पाण्याच्या पातळीवर पेन्सिल ओढून पाहिली, काचेवर ती उमटेना, तेव्हा माझा मार्कर घेऊन रेघ मारली आणि शेजारी सही केली.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती इथे सांगतो. चार वर्षांपूर्वी एका दुपारी वीज गेली होती. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल आणि नळीत उलटं पाणी अडवणारी वीस-तीस रुपयांची झडप नसेल, तर पंप थांबताच पाणी त्याच नळीतून सायफन होऊन जमिनीवर येतं. आलं. अर्धी बादली असेल. पुसली. तेव्हापासून प्रत्येक नळीला झडप आहे आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली एक झोका देऊन वर घेतलेली आहे, म्हणजे थेंब वायरवरून ओघळला तरी प्लगमध्ये न शिरता खाली पडेल. ती दुपार मात्र हॉलमधली होती, बेडरूममधली नव्हती, आणि काका तेव्हा गावाला होते.

गुरुवारी ते आले. छत पांढरंच, म्हणजे नेहमीचं पिवळट. निळ्याचा मागमूस नाही.

"झालं, काका. माझं नाही."

"घाई नको. तू तो स्पंज आधीच का काढलास?"

"सांगितलं ना, जिवाणू मेले असते."

"आम्ही ऑडिटच्या आधी कागद हलवले असते तर?" मग टाकीकडे बोट दाखवून, "आणि हा रंग आता काढणार कसा?"

"अर्धं पाणी बदलायचं आणि फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालायचा. तो रंग शोषून घेतो."

"म्हणजे रंग गाळून पाणी साफ करता येतं."

मी काही बोललो नाही. त्यांनी लिहून घेतलं.

काल पाणी उपसून टाकी पुसली. काच लख्ख झाली, पण मिथिलीन ब्लू सिलिकॉनमध्ये शिरलं की सहसा निघत नाही. उभे चारही सांधे आणि तळाची चौकट शाई ओढल्यासारखी निळी. रविवारी कुर्ल्याहून सहा कोरीडोरास आणायच्यात, त्यांना काही फरक पडत नाही. मी टाकी वाळायला दाराबाहेर ठेवली होती. काका जिना चढत होते, थांबले, चष्मा कपाळावर नेऊन वाकले आणि एका सांध्यावरून नख फिरवलं.

"हे बघ," ते म्हणाले, "चारही कोपऱ्यांत रंग शिरलाय. मी म्हणत नव्हतो, इथूनच झिरपतंय!"