सहा फुटांवरून प्रेम कसं करावं

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महामारी म्हटलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला टिंडर या डेटिंग ॲपवर एका दिवसात तीन अब्जांहून जास्त स्वाइप (पसंत-नापसंत सांगायला फोटो बोटानं सरकवणं) झाले. तोवरचा उच्चांक! तेव्हा 'आपणच एकटे उरलोय' हा न्यूनगंड आधी काढून टाका. गर्दी टाळा, असं सगळे कानीकपाळी ओरडत होते. ती टळली नाही, इथे येऊन बसली.

महामारीत प्रेम शोधणाऱ्यानं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: प्रेमाला सगळ्यात मोठा धोका भेटण्याचा असतो. एरवी भेट टाळायला थापा माराव्या लागतात. महामारीत तेच काम सरकारी आदेशानं होतं. अशी संधी शंभर वर्षांतून एकदा येते, तिचं सोनं करा.

जगातल्या कुठल्याही शहरातली माणसं शोधू देणारी, टिंडरची 'पासपोर्ट' नावाची सोय आठवतेय? एरवी तिला पैसे पडतात, पण टिंडरनं ती ३० एप्रिल २०२० पर्यंत फुकट करून टाकली. विमानं जमिनीवर, सीमा बंद, तुम्ही दाराबाहेर पडायला धास्तावलेले, आणि बोटाच्या टोकावर सगळ्या खंडांतली शहरं. हिचा पुरेपूर फायदा घ्या. पाच किलोमीटरवरची व्यक्ती अजिबात निवडू नका. निर्बंध उठले की ती 'मग कधी?' विचारते. निदान एक महासागर मध्ये हवा.

फोटो जुनाच लावा, डोंगरमाथ्यावरचा. खाली 'प्रवासाची आवड' लिहा. पलंग ते खिडकी हाही प्रवासच आहे.

मग व्हिडिओ डेट. टिंडरनं त्याच वर्षी 'फेस टू फेस' आणलं आणि दोघांची संमती असल्याशिवाय ते सुरूच होत नाही, अशी सभ्य व्यवस्थाही केली. कंबरेच्या वर इस्त्री, खाली तुमची मर्जी. मात्र उठून उभं राहण्याचा मोह टाळा. बोलणं खुंटलं तर गडबडू नका. तोंड अर्धवट उघडं ठेवून निश्चल बसा, पापणीही हलवू नका. समोरच्याला वाटेल नेट अडकलं. दोन मिनिटांनी 'हॅलो, आवाज येतोय का?' म्हणत परत जिवंत व्हा. दोघांनाही ही युक्ती ठाऊक असेल तर मात्र डेट बराच वेळ चालते.

सगळ्यात नाजूक प्रकरण अचानक गायब होणाऱ्यांचं. पूर्वी बरं होतं: कोणी उत्तर देईनासं झालं की मनसोक्त शिव्या घालता यायच्या. आता तेही सुख गेलं. 'काय करतेयस?' 'काही नाही. तू?' 'मी पण,' इतक्या उत्कट टप्प्यावर संभाषण थांबलं, तर राग मानायचा की काळजी करायची? माणूस आपल्याला कंटाळलाय की ऑक्सिजनवर आहे? सभ्यपणे 'बरी आहेस ना?' असं विचारा. मेसेज वाचल्याची खूण उमटली आणि उत्तर आलं नाही, तर देवाचे आभार माना. प्रकृती ठणठणीत आहे.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं तर मार्च २०२० मध्येच लेखी सांगून टाकलं की शरीरसुखासाठी सगळ्यात सुरक्षित जोडीदार म्हणजे तुम्ही स्वतः. सल्ला बिनतोड आहे, पण ॲपवाल्यांना हा जोडीदार परवडत नाही. त्याची वर्गणी येत नाही. खरं म्हणजे तुम्हाला कोणी सापडणंही त्यांना फारसं परवडत नाही. एका जोडीबरोबर दोन गिऱ्हाइकं जातात. (हे त्यांच्या जाहिरातीत नसतं, म्हणून इथे सांगितलं.)

पुढे लस आली. मे २०२१ मध्ये व्हाइट हाउसनं डेटिंग ॲपवाल्यांना हाताशी धरलं आणि लस घेतलेल्यांच्या प्रोफाइलवर बिल्ले झळकू लागले. कुठे वर फुकट सुपर लाइकही (फार आवडल्याची खास खूण). स्वभाव, आवडीनिवडी, आयुष्याकडून असलेल्या अपेक्षा वगैरे फापटपसारा एका बिल्ल्यात आटोपला. तो जरूर लावा. पण त्यातली मेख ओळखा: बिल्ला लावलात की भेट न घेण्याचं एक भक्कम कारण गमावलंत.

आणि एक दिवस तो मेसेज येतोच: 'आता सगळं उघडलंय, भेटूया?' हातपाय गाळू नका. नवा व्हेरियंट आलाय का, ते आधी बातम्यांत बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉननं कितीतरी जणांची अशीच लाज राखली. नसेलच आला, तर शांतपणे टाइप करा, 'घसा जरा खवखवतोय.' पलीकडून क्षणात उत्तर येईल, 'अरेरे! काळजी घे, घाई नाही.' त्यातलं 'घाई नाही' किती मनापासूनचं आहे, ते बघा.