सात बाइट कमी

गेल्या महिन्यात मी सलग चार रात्री सात बाइट, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीत सात इंग्रजी अक्षरं मावतील एवढी जागा, शोधत होतो. चष्मा हरवला की घरातली सगळी माणसं शोधायला लागतात, आणि तो माझ्याच डोक्यावर आहे हे आधी कोण सांगतं याची चढाओढ लागते. बाइट कमी पडले तर कुणी जागचं हलत नाही. बायकोने एवढंच विचारलं, "सात म्हणजे कितीसे?" सात बाइटांत इंग्रजी 'गेम ओव्हर'सुद्धा मावत नाही, मधली मोकळी जागा धरून त्याला नऊ लागतात. हे मी तिला सांगितलं. ती झोपायला निघून गेली.

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली होती. भाच्याने फोनसाठी एक गेम लिहिला. एक पोरगं, चार मजले, उड्या मारत नाणी गोळा करायची, मध्ये दोन वटवाघळं. छान होता. फक्त आकार 83 एमबी. शहाण्या माणसाने अशा वेळी पाठ थोपटून गप्प बसावं. मी म्हणालो, "एवढ्याशा गेमला 83 एमबी? आमच्या स्पेक्ट्रमवर हा 48 केमध्ये बसेल, वर जागा उरेल."

"बसवून दाखव की मामा," तो म्हणाला आणि परत फोनमध्ये डोकं घालून बसला. त्याच्यापुरता विषय संपला होता. मला मात्र रात्री झोप लागेना.

स्पेक्ट्रम म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. 23 एप्रिल 1982 ला इंग्लंडात बाजारात आलेला, खोडरबरासारख्या बटणांचा, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर. 1992 साली त्याचं उत्पादन थांबलं, पण ही बातमी काही लोकांनी अजून मनावर घेतलेली नाही. मी त्यातलाच एक. जगभर विखुरलेली ही मंडळी या मशीनसाठी आजही नवे गेम लिहितात, दुसऱ्या मशीनवरचे ओढूनताणून याच्यावर आणतात आणि चालले की एकमेकांना दाखवतात. बाकी कुणाला दाखवून उपयोग नसतो. या ओढाताणीला पोर्ट करणं म्हणतात. चौसोपी वाड्यातलं सामान एका खोलीत कोंबायचं, आणि वर पाहुण्यांना वाडाच वाटला पाहिजे, असला हा उद्योग.

खोली केवढी तेही सांगतो. 48 के म्हणजे 49,152 बाइट. त्यातले 6,912 पडदा आधीच काढून घेतो. उरले 42,240, त्यातही थोडे मशीनला स्वतःच्या संसाराला लागतात. माझ्या स्पेक्ट्रमचा मी फोनने काढलेला फोटो 3 एमबीचा आहे. तो ठेवायला असे 64 स्पेक्ट्रम लागतील. आणि ही मेमरीसुद्धा काय खानदानी! वरच्या 32 केसाठी सिंक्लेअरने, म्हणजे हे मशीन बनवणाऱ्या कंपनीने, ज्या चिप वापरल्या त्या मुळात 64 किलोबिटच्या, पण तपासणीत अर्धा भाग नापास झालेल्या. नापास अर्ध्याकडे दुर्लक्ष करायचं आणि पास अर्ध्याला कामाला लावायचं. ज्याच्या हाडातच अशी काटकसर आहे, त्याच्यापुढे बसून मी सात बाइट मागत होतो.

दिवसा नोकरीत मी जे सॉफ्टवेअर लिहितो त्याने 200 एमबी जास्त खाल्ले तरी कुणाची भुवई हलत नाही, माझीसुद्धा. रात्री घरी आलो की मी चिंगूस होतो.

पहिला झटका रंगांनी दिला. स्पेक्ट्रमचा पडदा 256 बाय 192 ठिपक्यांचा. ठिपके हवे तसे काढा, रंग मात्र ठिपक्याला मिळत नाही. आठ बाय आठच्या एका घराला मिळून दोनच रंग, एक शाईचा, एक कागदाचा. अशी 768 घरं. आता पिवळं पोरगं लाल शिडीपाशी गेलं की त्या घरात पिवळाही हवा, लालही हवा आणि मागचा काळाही. तिसऱ्याला जागाच नाही. मग शिवाशिवीचा खेळ सुरू होतो. पोरगं ज्याला शिवेल ते पिवळं. शिडी पिवळी, नाणं पिवळं, वटवाघूळ अर्धं पिवळं. भाच्याच्या गेममध्ये सूर्यास्ताला अठरा छटा होत्या. मी चार संध्याकाळी झगडलो आणि शेवटी या मशीनवर अनेकांनी केलं तेच केलं: सगळं काळ्यावर निळसर, एकरंगी.

"मामा, हे सगळं निळं का?"

"रात्र आहे."

पडद्यावरची कुठली ओळ मेमरीत कुठे राहते, त्या पत्त्यांबद्दल तर मी थोडक्यातच बोलतो, जास्त बोललो तर आवाज चढतो. एका ओळीत 32 बाइट असतात. म्हणून साध्या माणसाला वाटेल की पुढचा 33 वा बाइट खालच्या ओळीचा. तो असतो आठ ओळी खाली. लगेचची खालची ओळ 256 बाइट ओलांडून पुढे, आणि पडद्याचे तीन तुकडे पाडलेले, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. कॅसेटवरून चित्र लोड होताना ते खिडकीच्या पट्ट्या मिटाव्यात तसं एकाआड एक भरत जातं ते यामुळेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने याला चोख कारण आहे. रात्री एक वाजता ते पटत नाही.

खरी शोभा झाली ती टोपीची.

स्पेक्ट्रमचा झेड80 प्रोसेसर सेकंदाला 35 लाख ठोक्यांवर चालतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण पडदा सेकंदाला 50 वेळा नव्याने उमटतो, म्हणजे प्रत्येक चित्रामागे तुमच्या वाट्याला 69,888 ठोके. बाइट इकडून तिकडे नेण्याची जी सरळमार्गी आज्ञा आहे तिला दर बाइटला 21 ठोके लागतात. 6,144 बाइटांचा अख्खा पडदा हलवायचा म्हटलं तर एक लाख 29 हजार, म्हणजे जवळजवळ दोन चित्रांचा वेळ, आणि तोवर पोरगं हवेत लटकलेलं. म्हणून आमच्यात एक चोरवाट प्रसिद्ध आहे. स्टॅकवरून 'पॉप' केलं की दोन बाइट 10 ठोक्यांत हातात येतात. स्टॅक म्हणजे प्रोसेसरची टिपणवही. मध्येच कुणी हाक मारली तर परत कुठे यायचं तो पत्ता तो तिथे लिहून ठेवतो. आम्ही काय करतो, वहीचा काटा सरळ नायकाच्या चित्रावर नेऊन ठेवतो आणि चित्र पटापट उपसतो.

काम झकास झालं. पोरगं लोण्यासारखं पळायला लागलं. मी खुशीत दहा मिनिटं खेळलो, तर त्याच्या टोपीला एक भोक दिसलं. आधी वाटलं टीव्हीवर धूळ आहे. पुसली. भोक तसंच, आणि पोराबरोबर उडी मारतंय. थोड्या वेळाने कान गेला. मग टोपीच्या जागी काहीतरी बारकोडसारखं दिसायला लागलं. गेम पुन्हा लोड केला की पोरगं धडधाकट, खेळायला लागलं की पुन्हा झिजायला सुरुवात. आणि रोज झिजेल तर शपथ. कधी अर्धा तास काही नाही, कधी दोन मिनिटांत खांद्यापर्यंत सफाचट.

तीन दिवसांनी लक्षात आलं की दोन्ही वटवाघळं एकदम पडद्यावर आली तरच हे होतं. दोघांना काढण्यात वेळ जातो, चित्राचा वेळ संपतो, सेकंदाला 50 वेळा येणारा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मारलेली ती हाक, नेमका पोराचं चित्र उपसताना येऊन ठेपतो. प्रोसेसर बिचारा प्रामाणिक. परतीचा पत्ता लिहायला वही उघडतो, वहीच्या जागी पोराची टोपी. तो टोपीवर पत्ता लिहितो. मशीनची आपली कामं करणारा रॉममधला, म्हणजे कारखान्यातच कायमचा कोरलेला, कोड आणखी चार गोष्टी टोपीवर टिपून ठेवतो. काम झालं की पत्ता वाचून बरोबर परत येतो. कुणाचं काही चुकलेलं नाही, फक्त टोपी गेली.

इलाज दोन आज्ञांचा. उपसायच्या आधी इंटरप्टला 'थांब' म्हणायचं, नंतर 'ये' म्हणायचं. प्रत्येकी एक बाइट. ते दोन घातले, आणि असेंब्लरने, म्हणजे माझ्या आज्ञांचे बाइट करून देणाऱ्या प्रोग्रामने, कळवलं की तुमचा प्रोग्राम 65,535 च्या पलीकडे सात बाइट जातो आहे. तोवर पाचच जात होते, त्यांच्याकडे मी कानाडोळा केला होता. 65,535 हा या मशीनचा शेवटचा पत्ता. त्यापुढे वस्ती नाही.

चित्रं, नकाशे आधीच दाबून दाबून बसवले होते. त्यांना उलगडणारा कोडसुद्धा शंभर बाइटांच्या आतला. म्हणजे आता प्रत्यक्ष कोडमधूनच ओरबाडायचं.

पहिल्या रात्री शून्यं धरली. 'ए' या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या कप्प्यात, शून्य ठेवायला सरळ आज्ञा दोन बाइटांची. त्याऐवजी 'ए'ला 'ए'शीच एक्सॉर केलं तर एका बाइटात भागतं. स्वतःशीच भांडलं की हाती शून्य येतं, हे मला प्रोसेसरने शिकवावं! अशी चार ठिकाणं सापडली, चार बाइट वाचवले आणि गेम सुरू केला, तर पोरगं पडद्यावर येताक्षणी मरायला लागलं. या एक्सॉरची एक खोड आहे: वरच्या ओळीत केलेल्या तुलनेचा निकाल तो पुसून टाकतो. वटवाघूळ लागलं का, या प्रश्नाचं उत्तर कायम 'हो'. एक ठिकाण परत पहिल्यासारखं केलं. निव्वळ नफा, तीन बाइट.

दुसऱ्या रात्री उड्या तपासल्या, पोराच्या नव्हे, कोडमध्ये एका जागेवरून दुसरीकडे जायच्या. लांब उडीला तीन बाइट, जवळच्या उडीला दोन. पण जवळची उडी पुढे 127 बाइटांपर्यंतच पोचते. एका ठिकाणी अंतर 128 होतं. एका बाइटासाठी हातातोंडाशी आलेली उडी गेल्यावर माणसाला कसं वाटतं ते मी बायकोला सांगायला गेलो. तिने कूस बदलली. बाकी दोन उड्या साधल्या. तिसऱ्या रात्री एकच सापडला. एका कोडने दुसऱ्याला बोलवायचं, तो परतला की आपण परतायचं, त्यापेक्षा त्यालाच पुढे धाडून म्हणायचं, 'तू परस्पर घरी जा.'

सातवा बाइट काही केल्या मिळेना. चौथ्या रात्री नुसताच आकड्यांकडे बघत बसलो होतो, तेव्हा दिसलं की नाण्यांची यादी जिथे संपते तिथे शेवटी शून्य आहे, आणि लगेच पुढे वटवाघळांची यादी सुरू होते तीही शून्याने. दोघींना मिळून एकच शून्य दिलं. सामाईक भिंत. मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की बायको उठून आली. "मिळाला का?" तिने विचारलं. किती मिळाले असं विचारलं नाही हे माझ्या लक्षात आलं. ती मनात मोजत होती तर!

एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, सगळं चाललं. पण भाच्यासमोर एम्युलेटर दाखवणं म्हणजे पैज हरल्यासारखंच, म्हणून खऱ्या मशीनवर लोड करायचं ठरवलं. कॅसेटप्लेअर केव्हाच मेला आहे, त्यामुळे गेमचा आवाज फोनमधून वायरने मशीनला ऐकवायचा. ज्या भोकात वायर जाते त्याच्यावर 'इअर' असंच लिहिलेलं आहे. 'जे' दाबलं की 'लोड' अख्खा उमटतो, पुढे दोन अवतरणचिन्हं, एंटर. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि तो कर्कश आवाज. "मिक्सरमध्ये काही अडकलंय का?" आतून बायको. साडेचार मिनिटं श्वास रोखून बसायचं असतं.

चौथ्या मिनिटाला आत्याचा फोन आला. घंटी थेट मशीनच्या कानात गेली. त्याने ती बाइट समजून घेऊन पाहिली, नाही जमली. 'टेप लोडिंग एरर.'

"झोपला होतास का रे?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या वेळी फोन विमानात बसवला, म्हणजे त्या मोडवर टाकला. तर मध्येच फोनला माझ्या तब्येतीची काळजी वाटली: जास्त आवाजाने कानांना इजा होऊ शकते असं सांगून त्याने आवाज आपणहून उतरवला. या मशीनचा कान आवाज पूर्ण चढवल्याशिवाय ऐकत नाही. पुन्हा एरर. भाचा तोवर खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. "83 एमबी एवढ्यात उतरलं असतं," तो म्हणाला.

तिसऱ्या वेळी लोड झाला. पोरगं आलं, टोपीसकट. ओ-पीने डावीकडे-उजवीकडे, क्यूने उडी. भाचा पहिल्यांदा टीव्हीच्या काचेला बोट लावायला गेला, मग बटणं दाबायला लागला. आणि अहो, खेळला! चांगला वीस मिनिटं खेळला. दुसऱ्या मजल्यावर अगदी उजव्या टोकाला जाऊन त्याने उडी मारली, आणि पोरगं उजवीकडून नाहीसं होऊन डावीकडून बाहेर आलं, आठ ओळी खाली, भिंतीच्या पलीकडे, जिथे मी सगळ्यात जास्त नाणी ठेवली होती.

बत्तिसाव्या बाइटानंतर तेहेतिसावा. मी टोकाची तपासणी करायची विसरलो होतो. मनातल्या मनात कोड लिहून पाहिला: अकरा बाइट. शिल्लक, शून्य. तेही सामाईक.

"मामा, हा चोररस्ता मुद्दाम ठेवलायस का?" भाच्याने विचारलं. पहिल्यांदाच त्याचे डोळे चमकले होते.

"मग काय," मी म्हटलं, "मुद्दामच."