बेल्जियमचे फ्राइज शाकाहारी असतात?

युरोपच्या सहलींची बुकिंग सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा: बेल्जियममध्ये खाण्याची चिंता नको, रस्त्यावर फ्राइज आणि वॅफल मिळतात, दोन्ही शुद्ध शाकाहारी, बाकी तिथे खाण्यासारखं काही नाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण असल्या खात्रीवर विसंबून एखादी माळकरी आजी तो पुडा हातात घेते, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी फ्राइज. बेल्जियन पद्धतीत बटाट्याचे जाडसर काप दोनदा तळतात. पहिल्यांदा साधारण १५० अंशांवर, आतून शिजेपर्यंत. मग निवू देऊन पुन्हा १८० च्या आसपास, कुरकुरीत होईपर्यंत. हे तळण परंपरेने गायीबैलांच्या चरबीत होतं आणि अनेक फ्राइजच्या टपऱ्यांवर आजही तसंच चालतं. विक्रेते ते लपवत नाहीत, उलट खरी चव या चरबीचीच असं अभिमानाने सांगतात. चूक आहे ती 'बटाटाच तर आहे' असं परस्पर ठरवून टाकणाऱ्या मेसेजची. शिवाय हा प्रश्न फक्त शाकाहाऱ्यांचा नाही. कोंबडी-मटण आवडीने खाणारी पण गोमांसाला हात न लावणारी घरं आपल्याकडे किती आहेत!

वनस्पती तेलात तळणाऱ्या टपऱ्याही आहेत. त्यामुळे विचारायचं, आणि पैसे देण्याआधी विचारायचं. फ्रेंच बोलणाऱ्या भागात 'ग्रेस द बफ' आणि डच बोलणाऱ्या भागात 'ऑसेव्हिट' म्हणजे ही चरबी. दोन्ही शब्द फोनमध्ये लिहून ठेवा. फ्रिकांडेलसारखे मांसाचे प्रकार त्याच तेलात तळतात का, हेही विचारून घ्या.

फ्राइजवर मेयोनेज घालतात. त्यात अंडं असतंच. १९५५ च्या शाही आदेशाने तर बेल्जियन मेयोनेजमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि ७.५ टक्के अंड्याचा बलक ठरवून दिला होता. भारतात मिळणारं बिनअंड्याचं मेयोनेज तिथे गृहीत धरू नका.

वॅफलच्या पारंपरिक पिठातही अंडं असतं. अंडं चालणाऱ्यांनी मात्र दोन प्रकार ओळखावेत. लिएज शहराचं वॅफल यीस्ट घातलेल्या, लोणीदार, घट्ट कणकेचं. त्यात साखरेचे टपोरे खडे असतात, ते तापल्या साच्याला लागून वितळतात आणि वर कॅरमेलचा कुरकुरीत थर धरतात. त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात. हे गरम गरम, हातात धरून, वर काहीही न घालता खावं असं माझं ठाम मत आहे. ब्रसेल्सचं वॅफल आयताकृती आणि हलकं, वर पिठीसाखर. स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा जो डोंगर आपण फोटोंत बघतो, तो मोरिस व्हर्मेर्श या ब्रसेल्सच्या माणसाने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात लोकप्रिय केला.

याच मेसेजला कधीकधी एक गोष्ट जोडलेली असते: १६८० च्या हिवाळ्यात बेल्जियमच्या नामुर शहराजवळ म्यूझ नदी गोठली, मासे मिळेनात, म्हणून लोकांनी बटाटे माशांच्या आकारात कापून तळले. पण त्या भागात बटाटा पोहोचला तोच त्यानंतर अर्धशतकाने, साधारण १७३५ च्या सुमारास. तेव्हा ही गोष्ट सोडून द्यावी.

राहिलं 'बाकी काही नाही'. मासे खाणाऱ्याने हे अजिबात मनावर घेऊ नये. ब्रसेल्सच्या सेंट कॅथरीन चौकात, जुन्या बंदराच्या जागी, मासळीच्या दुकानाबाहेर उंच टेबलांशी उभं राहून लोक माशांचं सूप आणि कोळंबीची क्रोकेट्स (सारण भरून तळलेले कटलेटसारखे रोल) खातात. आणि 'कारिकोल', म्हणजे सेलरी-मिरीच्या गरम रश्श्यात शिजवलेल्या समुद्री गोगलगायी! तिसऱ्या-खुब्यांवर वाढलेल्या कोकणी आणि गोवेकर माणसाला त्या चुकवून कशा चालतील? आधी वाडग्यातला रस्सा प्यायचा की गोगलगाय काढायची, हे शेजारी उभ्या असलेल्या ब्रसेल्सकराला विचारा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत शहरात 'फ्वार दु मिदी' ही मोठी जत्रा भरते, तिथे कारिकोल मिळतात. तळलेल्या पिठाचे गोळे, वर पिठीसाखर, हेही तिथे मिळतात. ते कशात तळलेत हा प्रश्न तिथेही विचारायचाच.