२५२०: नाद खुळा नव्हे, लसावि

२२ डिसेंबरचा गणित दिन जवळ आला की कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या ग्रुपपासून रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज हमखास येतो. मजकूर असा: २५२० ही ‘विचित्र संख्या’ रामानुजन यांनी शोधली, १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी दुसरी संख्याच नाही, आणि तिचं गुपित ७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने.

भाग जातो, एवढं खरं.

‘दुसरी संख्याच नाही’ हे तर ५०४० घेतली की तिथंच मोडतं. ७५६० ही चालते, २५२० ची कुठलीही पट चालते. ती त्यातली सगळ्यात लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य), बस्स. १ ते १० मधल्या प्रत्येक मूळ संख्येचा १० च्या आत बसणारा सर्वांत मोठा घात उचलायचा: ८, ९, ५, ७. गुणाकार २५२०. ६ आणि १० वेगळे धरायचे नाहीत, त्यांचे अवयव आधीच आत आलेले असतात. पोरं इथंच चुकतात आणि १ ते १० सरळ गुणतात. येतात ३६,२८,८००. भाग त्यालाही जातो, पण संख्या १४४० पट फुगलेली.

मार्केट यार्डात एक किलोचे २५२० गुळाचे रवे मांडलेत असं धरा. सातच्या बॉक्सात भरले तर ३६० बॉक्स, आठच्या ३१५, नऊच्या २८०. अकराचा बॉक्स घेतला की २२९ भरतात आणि एक रवा हातात उरतो. अकरालाही बसवायचं तर २७,७२० लागतात. मग १२ फुकटात मिळतो, कारण ४ आणि ३ आधीच आहेत. १३ ला पुन्हा १३ ने गुणा, १६ ला आणखी एक २ घाला. असं २० पर्यंत गेलात की २३,२७,९२,५६०.

कॅलेंडरचं गुपित म्हणाल तर ३० = २×३×५ आणि १२ = २×२×३. गुणले की तीन २ आणि दोन ३ जमतात, म्हणजे ८ आणि ९ तयार. पंचांगाचा इथं काही संबंध नाही. ३१ चा महिना धरा: ७ × ३१ × १२ = २६०४. त्यातून ५, ८, ९, १० सगळे गळाले. आणि तीस दिवसांच्या महिन्याचा व आठवड्याचा मेळ २१० दिवसांनीच बसतो.

राहिला शोधाचा मान. ५०४० ला १ ते १० ने भाग जातो, हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. रामानुजन यांचं काम याहून कितीतरी खोल आहे, म्हणून तर हा मेसेज जास्त खटकतो. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला. २५२० अशाच संख्यांपैकी एक; तिचे विभाजक ४८.

त्या निबंधातल्या अशा संख्यांच्या तक्त्यात एक संख्या राहून गेली, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही: २९३३१८६२५६००, म्हणजे २९,३३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६००. फोडली तर २⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९. विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २. उत्तर ५०४०, प्लेटोचीच संख्या.