फुकटच्या ईमेलचे पैसे घेतले म्हणताय, त्याबद्दल

नमस्कार, तुमच्या संस्थेच्या ईमेलचं काम आम्ही केलं, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय की गूगल सेवाभावी संस्थांना जे ईमेल फुकट देतं त्याचे यांनी पैसे लावले, ही सरळसरळ फसवणूक आहे. हिशोब विचारलात हे बरंच केलंत, संस्थेचा पैसा म्हणजे देणगीदारांचा पैसा, विचारायलाच पाहिजे. पण फसवणूक म्हणालात ते नाही पटलं.

कोटेशनची पहिलीच ओळ बघा, गूगल वर्कस्पेस (गूगलची संस्थेच्या नावाने ईमेल देणारी सेवा) लायसन्स, रक्कम शून्य. ती ओळ आम्ही मुद्दाम सगळ्यात वर टाकतो. त्याखाली जे पैसे आहेत ते कामाचे. डोमेन, म्हणजे ईमेलमधलं @ नंतरचं नाव, आधीच्या वेबसाइटवाल्याच्या नावावर होतं आणि तो फोन उचलत नव्हता, ते सोडवून संस्थेच्या नावावर करून घेतलं, जुने मेल नव्या खात्यात आणले, आणि एसपीएफ, डीकेआयएम लावलं, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे समोरच्याला तपासता येईल अशा डोमेनवरच्या नोंदी. हे शेवटचं डोळ्याला दिसत नाही म्हणून ते कुणाला काम वाटतच नाही, पण तुमच्या देणगीच्या पावत्या लोकांच्या स्पॅममध्ये पडत होत्या ना, त्या हे लावलेलं नव्हतं म्हणूनच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवायचा तर या दोनपैकी एक तरी लागतंच, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल जात असतील तर दोन्ही, वर डीमार्क पण, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद.

आता फुकटचाच विषय निघालाय तर, तुमच्या जुन्या बिलात दरवर्षी एसएसएलचे, म्हणजे वेबसाइटचं कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे, पैसे लागत होते. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या ना-नफा सेवेकडून तेच सर्टिफिकेट फुकट मिळतं, एकदा नीट सेट केलं की आपोआप रिन्यू होतं. तो खर्च बंद करा हे आम्हीच सांगितलं, त्यात आम्हाला काय मिळालं? आणि सदस्यांसाठी ॲप पाहिजे म्हणालात तेव्हाही आम्हीच नको म्हटलं, कारण उद्या ते अपडेट कोण करणार, तुमची यादी एका शीटमध्ये आरामात बसते. पैसेच काढायचे असते तर ॲपला हो म्हणून मोकळे झालो असतो की.

सुपर ॲडमिन खातं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं, तुमच्या खजिनदारांकडे आहे. आमचा ॲक्सेस ते आत्ता, या मिनिटाला काढू शकतात, मेल चालूच राहतील. बिलातली कुठली ओळ पटत नसेल ती इथेच लिहा, तिचं उत्तर इथेच देतो.