‘जरा नाट्यमय’ वाटलं त्या दादांना

दादा, ऊसतोडीतल्या माझ्या लहानपणावरचा लेख शेवटपर्यंत वाचून प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं: आठव्या वर्षी भाकरी थापणं ‘जरा नाट्यमय’ वाटतं, साखरशाळांचा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी हंगामात भरणाऱ्या शाळांचा, मी उल्लेखच केला नाही, आणि मी तरले म्हणून ऊसतोडीची सगळीच पोरं कणखर निघत नाहीत.

साखरशाळेचं मान्य. एका हंगामात आमच्या मुक्कामाच्या तळाजवळ होती, लिहायला हवं होतं. राहिलं.

पण ‘नाट्यमय’? आणि त्यापुढे तो हसरा इमोजी कशाला? आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, धरतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्याही अंगावर असते, त्यामुळे आईला मागे थांबायची सोय नसते. ती पहाटे अंधारात उसाच्या फडात गेली की कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, मी आणि झोळीतला भाऊ. मग भाकरी कोण थापणार, मुकादम? पहिल्याच आठवड्यात मनगट भाजलं. डाग अजून घड्याळाखाली आहे. फोटो टाकू का?

दसरा झाला की पाटोद्याकडून ट्रक निघायचा. खाली भांडी, बाजरीची पोती, कोंबड्या आणि त्यावर आम्ही. एका वर्षी सांगलीकडे उतरायचो, पुढच्या वर्षी थेट कर्नाटकात. तळ नवा, पाणी भरायची जागा नवी, ‘बीडची पोरं आली’ म्हणून चपला आत घेणारी माणसंही नवी. चौथीत भागाकार सुरू व्हायच्या आत गाव सोडलं. परतले तेव्हा वर्गात अपूर्णांक चालू होते. भागाकार मला वाढ्यानं शिकवला, म्हणजे चाऱ्यासाठी विकायच्या उसाच्या शेंड्यांनी. शंभर पेंढ्यांचा भाव ठरलाय, गिऱ्हाईक मागतंय पंधरा, आणि आई म्हणतेय लवकर सांग. हेही नाट्यमयच वाटणार म्हणा तुम्हाला! तुम्ही कुठं वाढलात ते मी विचारत नाही. पण शाळेचा दाखला एकदाच काढावा लागलेल्या माणसानं थोडं जपून हसावं.

राहिला तिसरा मुद्दा. सगळी तरतात असं मी कुठं म्हटलंय? लेख परत वाचा. शेजारच्या कोपीतली माझी मैत्रीण माझ्याहून हुशार होती. तेराव्या वर्षी तिचं लग्न लावलं आणि पुढच्या दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली. तिच्याबद्दल लिहिलं नाही, कारण लेख माझ्याबद्दल होता. इतकं साधं आहे.

आणि पुढच्या वेळी ‘ताईसाहेब’ नको. नुसतं ताई म्हणा.