आठ तारा, आठ पाय

कॅमेरा बसवायला दहा मिनिटं लागतात, असं मला ज्याने सांगितलं तो माणूस खोटं बोलला नव्हता. दोन स्क्रू, एक ब्रॅकेट, मान इकडे की तिकडे ते ठरवलं की झालं. दहाच मिनिटं. वायरीबद्दल मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

वायरवाले कॅमेरे घ्यायचा हट्ट माझाच होता. वायफायचे घेतले तर त्यांची बॅटरी चार्ज करायला महिन्या-दोन महिन्यांनी शिडी लावा, आणि आमचं वायफाय तर दुसऱ्या भिंतीपाशी पोहोचेस्तोवर धापा टाकतं. त्यापेक्षा केबल बरी. "एकच केबल," मी घरात ऐटीत सांगितलं, "तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीज जाणार आणि तिच्यातूनच चित्र परत येणार. 2003 सालापासून याचं रीतसर मानक आहे."

"म्हणजे एकाच नळातून पाणी जाणार आणि दूध येणार?" बायकोने विचारलं.

"साधारण तसंच."

"आणि दुधात पाणी नाही मिसळत?"

मिसळत नाही. का मिसळत नाही हे मात्र मला तेव्हा सांगता आलं नाही, आणि आजही कोणी खोलात शिरलं तर मी विषय बदलतो.

मग चार कॅमेरे कुठे लावायचे यावर बैठक बसली. बायकोला फाटक दिसायला हवं होतं. मुलीला तिची सायकल. आईला दोरीवरचे कपडे, कारण पाऊस आला की नाही हे तिला खुर्चीतून न उठता कळायला हवं होतं. मला मागचा जिना. तासभर चर्चा झाली आणि त्यात 'चोर' हा शब्द एकदाही आला नाही. शिवाय भिंगाचा घोळ होताच. 2.8 मिलिमीटरचं घेतलं तर अख्खं अंगण दिसतं, पण फाटकातला माणूस मुंगीएवढा. 6 मिलिमीटरचं घेतलं तर माणसाच्या मिशा मोजता येतात, पण तो फाटकाच्या मधोमध उभा राहिला तरच. चोराने कुठे उभं राहावं हे त्याच्यावर सोपवून आम्ही रुंद भिंग घेतलं.

केबलचं खोकं आलं. आत 305 मीटर केबल. हा आकडा कुठून आला म्हणाल, तर ते हजार फूट होतात. खोक्यासोबतच्या कागदावर ताकीद होती, की एका दमात 100 मीटरच्या पुढे केबल नेऊ नये. आमच्या घराला मी चारही बाजूंनी वेढा घातला असता तरी 100 मीटर भरले नसते. उरलेली केबल पलंगाखाली आहे. कोणाला हवी असल्यास घेऊन जा, पण बसवायला मला बोलावू नका.

भोक पाडताना एक साधा नियम असतो. आतून बाहेर जाताना ड्रिल किंचित खाली झुकवायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता बाहेर ओघळतं. मी नियम पाठ केला आणि ड्रिल बाहेरून आत चालवलं. तेही किंचित खाली झुकवूनच. त्या भोकाने आता बाहेरचं पाणी आत आणायची चोख सोय झाली होती. दुसरं भोक आतून पाडलं. ते पावसाच्या पाइपाच्या बरोब्बर मागे निघालं. तिसऱ्याला वाटेत सळई आडवी आली. घरासाठी अशी कॅमेऱ्याची व्यवस्था न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्सने नवऱ्याच्या मदतीने आखली. 1966 साली अर्ज केला आणि 1969 साली पेटंट मिळवलं. तिच्या आराखड्यात दाराला एकाखाली एक चार भोकं होती आणि एकच कॅमेरा त्यांच्यामागे वर-खाली सरकायचा. चार भोकांत एका बाईने इतिहास घडवला. माझी सात झाली होती आणि कॅमेरा अजून खोक्यातून निघाला नव्हता.

आठवं भोक जमलं. आणि मग कळलं, की भोक केबलच्या जाडीचं आहे, केबलच्या टोकाला असलेल्या प्लगच्या जाडीचं नाही.

आता दोन मार्ग होते. भोक मोठं करायचं किंवा प्लग कापायचा. ड्रिलचा आवाज ऐकून आई दुपारपासून कानांवर उशी धरून पडली होती, म्हणून मी प्लग कापला. वरचं आवरण सोललं की आतून आठ तारा निघतात, दोन-दोनच्या जोडीने पीळ घातलेल्या. त्या उलगडायच्या, सरळ करायच्या, ठरलेल्या क्रमाने शेजारी-शेजारी धरायच्या आणि नखाएवढ्या प्लगमध्ये एकदम सरकवायच्या. बायको क्रम वाचत होती, मी लावत होतो.

"पांढरा-नारिंगी. नारिंगी. पांढरा-हिरवा. निळा..."

"हिरवा."

"निळा लिहिलंय. मग पांढरा-निळा. मग हिरवा."

म्हणजे हिरव्याची जोडी फोडून मधे निळं जोडपं बसवायचं. "हे कोणाला सुचलं?" बायकोने कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. मग पांढरा-तपकिरी, तपकिरी. 'पांढरा-अमुक' या तारेवर तो अमुक रंग एवढा पुसट असतो, की संध्याकाळच्या उजेडात चारही पांढऱ्या तारा सख्ख्या बहिणी वाटतात. मी पहिला प्लग दाबला. टेस्टर लावला. दिवे ओळीने लागत गेले: एक, दोन, तीन, चार, पाच... सात, आठ. सहावा पेटेना. दुसऱ्या प्लगला सहावा पेटला, तिसरा रुसला. अकरा प्लग वाया गेले. बाराव्याला आठही दिवे लागले, तेव्हा मी टेस्टर घेऊन घरभर फिरलो आणि झोपलेल्या मुलीला उठवून दाखवला.

केबल माळ्यावरून न्यायची होती. माळ्यावर उभं राहता येत नाही, बसता येत नाही, आणि एकदा गेल्यावर वळता येत नाही. तोंडात टॉर्च धरून मी सरपटत पुढे जात होतो आणि मागून मुलगी केबल सोडत होती. मी "सोड" म्हटलं की ओढत होती आणि "ओढ" म्हटलं की खाली कोणाशी तरी बोलत होती. कोपऱ्यात एक कोळी बसला होता. टॉर्चचा उजेड पडला तसा त्याने एक पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. मला तो 'राहू दे आता' म्हणाल्यासारखा वाटला.

चारही केबली रेकॉर्डरपाशी एकदाच्या आल्या. सगळ्या करड्या. कोणती कुठली याच्या चिठ्ठ्या लावायच्या असतात हे मला माहीत होतं. चिठ्ठ्या खालीच राहिल्या होत्या. त्यामुळे पडद्यावर 'फाटक' लिहिलेल्या चौकटीत दोरीवरचे कपडे दिसू लागले. केबली बदलण्याऐवजी मी नावं बदलली. रेकॉर्डरच्या मते त्या दिवशी 1 जानेवारी 1970 ही तारीख होती. माझा जन्म झालेला नव्हता, तरी मी शिडीवर स्पष्ट दिसत होतो.

घरात मी महिनाभराचं चित्रण साठेल असा शब्द दिला होता. मग हिशोब मांडला. एक कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट पाठवतो, म्हणजे दिवसाला 43 जीबी. चार कॅमेरे, 172 जीबी. हार्ड डिस्क 2 टीबीची. साडेअकरा दिवसांत महिना संपत होता! म्हणून हालचाल झाली तरच चित्रण करायचं, असं ठरवलं. शिवाय कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, कारण 2016 साली मिराई नावाच्या विषाणूने असे पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या होत्या. "आपला कॅमेरा रात्री बाहेर जाऊन हे धंदे करणार?" आईने विचारलं. मी इतका अवघड पासवर्ड ठेवला की दुसऱ्या दिवशी मलाही आत जाता येईना. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

त्या रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी मोबाइल वाजला. फाटकाजवळ हालचाल. पडद्यावर पांढरेशुभ्र दोरखंड लोंबत होते आणि त्यांच्यावरून काहीतरी राक्षसी चालत होतं. मी झाडू घेऊन बाहेर गेलो. बाहेर चिटपाखरू नव्हतं. कॅमेऱ्याच्या तोंडावर कोळी बसला होता.

कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. आपल्याला त्यांची जेमतेम लालसर धग दिसते, पण भिंगापासून बोटभर अंतरावरचा जाळ्याचा धागा त्यांच्या उजेडात असा पेटतो की मागचं फाटक नाहीसं होतं. माळ्यावरचाच तो कोळी का, हे सांगता येणार नाही. पण मला पाहून त्याने एक पाय उचलला. वर छज्जाचा आडोसा, खाली कॅमेऱ्याची ऊब, जागा त्याला पसंत पडली असणार. मी झाडू फिरवला. दुसऱ्या रात्री जाळं जागेवर. तिसऱ्या रात्री झाडलं, चौथ्या रात्री पुन्हा तेच. आणि सकाळी घरचे सगळे चहाचे कप घेऊन एका माणसाचं झाडूनृत्य पाहत बसलेले.

पाचव्या रात्री मी झाडू टेकवून थोडा वेळ नुसता बघत राहिलो. मधोमध तो बसलेला, आठही पाय आठ तारांवर. एक चिलट जाळ्याच्या दूरच्या कडेला अडकलं. त्याने मान वळवली नाही, नोटिफिकेशनची वाट पाहिली नाही. कुठली तार हलली ते त्याला पायालाच कळलं आणि तो सरळ तिकडे गेला. ड्रिल नाही, प्लग नाही, पासवर्ड नाही. एका रात्रीत एकट्याने बसवलेलं, आणि सहावा दिवा पेटला नाही म्हणून शिव्या दिल्याचं तर मी कधी ऐकलं नाही.

मी शिडी आणली आणि कॅमेरा तिथून काढून वीतभर बाजूला लावला.

दहा मिनिटंच लागली. केबल मात्र वीतभर कमी पडली.